प्रकाशाचा हिशेब

छायाचित्र काढणे ही आता कोणाच्याही हातची गोष्ट झाली आहे. खिशातला फोन काढावा, समोर धरावा, बोटाने स्पर्श करावा, की चित्र तयार. एके काळी घरची मंडळी ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जात आणि साऱ्या आयुष्यात मोजून चार-पाच चित्रे निघत. आज तेवढी चित्रे चहा थंड होण्याच्या आत निघतात. असे असूनही, मनात भरलेले दृश्य चित्रात उतरले आहे असे समाधान मात्र क्वचितच लाभते. आजी खिडकीपाशी बसलेली असते, तिच्या सुरकुत्यांवर सकाळचे कोवळे ऊन पडलेले असते, आणि ते पाहून आपण थबकतो. चित्र घेतो, तो त्यात खिडकी लखलखते आहे आणि आजीचा चेहरा काळवंडला आहे. आपण कॅमेऱ्याला बोल लावतो आणि अधिक महाग कॅमेरा घेण्याचा विचार करू लागतो.

वस्तुतः येथे कॅमेऱ्याचा काही अपराध नसतो. आपला डोळा उजेडाकडे पाहताना बाहुली लहान करतो, अंधाराकडे वळताना ती मोठी करतो, आणि असे तुकड्यातुकड्याने पाहिलेले सगळे मेंदू जुळवून आपल्यापुढे ठेवतो. शिवाय मेंदूला आजी कोण आणि खिडकी कोणती हे ठाऊक असते. कॅमेऱ्याला ते ठाऊक नसते. तो समोरच्या सर्व प्रकाशाची सरासरी काढतो आणि त्या एका मापाने आजीलाही मोजतो व खिडकीलाही मोजतो. म्हणून छायाचित्रण शिकणे म्हणजे मुख्यतः एवढेच, की या दृश्यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे काय आहे, हे कॅमेऱ्याला सांगायला शिकणे. त्याचे आकडे, त्याच्या खुणा, त्याची चक्रे ही सारी ते सांगण्याची भाषा आहे.

या भाषेत क्रियापदे तीनच आहेत. पहिले भिंगातल्या छिद्राचे. त्याला छायाचित्रकार अ‍ॅपर्चर म्हणतात. दुसरे शटरचे, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा याचे. तिसरे आयएसओचे, म्हणजे आत आलेल्या प्रकाशाला कॅमेऱ्याने किती संवेदनशीलतेने प्रतिसाद द्यायचा याचे. पूर्वी ही संवेदनशीलता फिल्मच्या लेपात असे आणि सबंध गुंडाळी संपेपर्यंत ती बदलता येत नसे. आता ती प्रत्येक चित्रागणिक बदलता येते.

या तिघांची मापे ऐकून नवशिक्या गांगरतो. परंतु आपल्याकडे धान्य मोजण्याची जुनी मापे ज्यांना आठवतात, त्यांना हे कोडे चटकन उलगडेल. पायलीच्या निम्मी अधोली, अधोलीच्या निम्मा शेर, शेराच्या निम्मा अच्छेर आणि अच्छेराच्या निम्मा पावशेर. प्रत्येक पायरीला माप निम्मे होते. कॅमेऱ्याची मापे अगदी अशीच रचलेली आहेत. शटरची एक पायरी सेकंदाचा साठावा भाग, पुढची एकशे पंचविसावा, त्यापुढची अडीचशेवा, मग पाचशेवा. आयएसओ १००, २००, ४००, ८००, १६०० असे दुपटीने चढते. छिद्राचे आकडे तेवढे विचित्र दिसतात : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. याचे कारण असे, की हा आकडा भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून काढलेला असतो, आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्यास सुमारे १.४ पटीने घटला की क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणून हे आकडे १.४ पटीने वाढत जातात. भागाकारामुळे आकडा मोठा तेव्हा छिद्र लहान, ही उलटी खूणगाठ मात्र पक्की बांधून ठेवावी.

आता हिशेब पाहू. स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी असताना, छिद्र १६ वर ठेवावे आणि शटरचा आकडा आयएसओच्या आकड्याजवळ ठेवावा, हा फिल्मच्या काळापासून चालत आलेला ठोकताळा आहे. आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. छिद्र १६ वरून ८ वर आणले तर ते दोन पायऱ्यांनी मोठे झाले, म्हणजे चौपट प्रकाश आत येऊ लागला. तो परत चौथाईवर आणण्यासाठी शटर पाचशेव्या भागावर न्यावे. एका मापात दोन पायऱ्या वाढवल्या, दुसऱ्यात दोन घटवल्या, जमाखर्च जुळला. दोन्ही चित्रे सारखीच उजळ येतील. मग इतकी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे, की उजळपणा सारखा असला तरी चित्रे सारखी नसतात, आणि खरी निवड तेथेच सुरू होते.

छिद्र मोठे केले की ज्यावर रोख धरला तेवढेच स्पष्ट दिसते आणि पुढचे-मागचे विरघळते. छिद्र लहान केले की पायाशी असलेल्या गवतापासून दूरच्या इमारतीपर्यंत बहुतेक सारे स्पष्ट होते. एकटा चेहरा हवा असेल तर पहिला मार्ग, माणूस आणि त्याचे गाव दोन्ही हवी असतील तर दुसरा. शटर काळाचे माप आहे. पाचशेव्या भागात धावणारे मूल हवेत गोठते, तर तिसाव्या भागात ते पुसट रेषा होते. हातात धरलेला कॅमेरा हलतो, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला साठाव्या भागापेक्षा सावकाश शटर हातात धरून वापरणे नवशिक्याला जोखमीचे असते. राहता राहिला आयएसओ. तो चढवणे हे उसनवारीसारखे आहे. अडीअडचणीला उपयोगी पडते, पण त्याची फेड चित्रातल्या रवाळपणाने करावी लागते. तरीही कॅमेरा हलून फिसकटलेल्या चित्रापेक्षा रवाळ पण स्पष्ट चित्र केव्हाही बरे.

काळाच्या मापावरून एका मराठी माणसाचे स्मरण होते. दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले आणि गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून व्यवसायही केला. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, परंतु त्याआधी त्यांनी एक छोटा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे त्यांनी दिवसांमागून दिवस, एकेक करून टिपली. ती सलग दाखवताच कोंभ डोळ्यांदेखत वर चढू लागला. जे डोळ्याला कधीच दिसत नाही, ते काळाचे माप बदलल्याने दिसू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. शटरचे चक्र फिरवणारा प्रत्येक जण लहान प्रमाणात तेच करीत असतो.

हे शिकायचे कोठे? नवशिक्यांची अशी समजूत असते की चांगल्या चित्रासाठी काश्मीर किंवा कोकण गाठले पाहिजे. वास्तविक शिकण्यासाठी एकच परिसर घेऊन तो निरनिराळ्या वेळी पाहणे अधिक फलदायी ठरते, कारण स्थळ तेच राहिले म्हणजे प्रकाशातला फरक तेवढा नजरेत भरतो. उदाहरणासाठी मी कोलकात्याचे सॉल्ट लेक हे उपनगर घेतो. ही वसाहत मुळात खाऱ्या पाणथळीवर उभी आहे. डॉ. बिधानचंद्र रॉय पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असताना, १९६२ साली, हुगळी नदीतला गाळ नळांवाटे आणून ही पाणथळ भरण्याचे काम सुरू झाले. नगराचा आराखडा दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह रचनाकाराने केला. गावाचे अधिकृत नाव डॉ. रॉय यांच्या स्मरणार्थ बिधाननगर असे आहे, पण लोकांच्या तोंडी सॉल्ट लेकच आहे. रोमन अक्षरांनी ओळखले जाणारे ब्लॉक, झाडांच्या रांगा, पाण्याच्या क्रमांक घातलेल्या टाक्या, मधोमध सेंट्रल पार्कचे तळे, एका बाजूला सेक्टर पाचमधल्या काचेच्या इमारती आणि पूर्वेकडे अजून टिकून असलेली पाणथळ. एवढी विविधता एका दिवसाच्या पायपिटीत सापडते.

महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्याने प्रथम आपले घड्याळ प्रकाशाशी लावून घ्यावे. मुंबई आणि कोलकाता यांच्यात सुमारे साडेपंधरा रेखांशांचे अंतर आहे. पृथ्वीला एवढे फिरायला तासाहून किंचित अधिक वेळ लागतो, पण घड्याळ मात्र साऱ्या देशात एकच. त्यामुळे डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर कोलकात्याचा पाचच्या आतच. मुंबईच्या सवयीने साडेपाचला कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या हाती तेथे दिव्यांचा उजेड तेवढा लागतो. तिरप्या, सोनेरी उन्हाची वेळ गाठायची तर दुपारी साडेतीनलाच घर सोडले पाहिजे, आणि पहाटेही तितकेच लवकर उठले पाहिजे.

पहिला धडा हिवाळ्यातल्या सकाळी सेंट्रल पार्कमध्ये घ्यावा. तळ्यावर धुके असते आणि झाडे फिकट दिसतात. अशा वेळी कॅमेरा धुके मळकट करून टाकतो. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची अशी समजूत करून दिलेली असते, की जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे आहे. पांढरे धुके दिसले की तो ‘फार उजेड झाला’ असे समजून चित्र काळे करतो. काळी म्हैस दिसली की ‘फार अंधार आहे’ असे समजून ती राखाडी करतो. यावर उपाय सोपा आहे. पांढऱ्यासाठी एक पायरी प्रकाश वाढवावा, काळ्यासाठी एक पायरी घटवावा. शरद ऋतूत मोकळ्या जागी डोलणारे काशफुलांचे तुरे, दुर्गापूजेत नेसली जाणारी लाल काठांची पांढरी साडी, या दोहोंना हाच नियम लागू पडतो. फोनवरही हे साधते. ज्यावर रोख हवा तेथे पडद्यावर बोट टेकवावे. बहुतेक फोनांत शेजारी सूर्याची खूण उमटते, ती वर-खाली सरकवावी. आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवले असते तर खिडकी थोडी उजळून गेली असती, पण आजी मिळाली असती. चांगले चित्र बहुधा अशा सौद्यातूनच हाती येते.

दुसरा धडा रस्त्यावरचा. सायकलरिक्षा समोरून आडवी जात असताना शटर तिसाव्या भागावर ठेवावे आणि रिक्षाच्या वेगाने कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत चित्र घ्यावे. रिक्षावाला बराचसा स्पष्ट येतो आणि मागची झाडे आडव्या रेषा होतात. पंधरा-वीस प्रयत्नांत एखादेच साधेल, पण त्या एकातून गती दिसेल. पाचशेव्या भागात घेतलेली तीच रिक्षा उभी असल्यासारखी वाटेल.

तिसरा धडा पूजेच्या रात्रीचा. कोलकात्याच्या दुर्गापूजेला २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. सॉल्ट लेकच्या ब्लॉकाब्लॉकांतूनही मंडप उभे राहतात. मूर्ती झगमगत असते, भोवतालची माणसे अंधारात असतात आणि सगळेच हलत असते. येथे तिन्ही मापांची कसोटी लागते. छिद्र भिंग देईल तेवढे मोठे ठेवावे, शटर साठाव्या भागाखाली उतरू देऊ नये आणि उरलेली तूट आयएसओने भरून काढावी. फ्लॅश मात्र बंद ठेवावा. तो समोरच्या दोन-चार पाठी पांढऱ्याफटक करतो आणि ज्या रोषणाईसाठी आपण आलो तीच पुसून टाकतो.

प्रकाश ओळखण्याची विद्या कशी कमवावी, याचे एक उत्कृष्ट उदाहरण याच कोलकात्यात सापडते. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वा ‘द रिव्हर’च्या चित्रीकरणासाठी बंगालमध्ये आले, तेव्हा सुब्रत मित्र हा विशीच्या आतबाहेरचा तरुण तेथे प्रेक्षक म्हणून जात असे. दिवे कोठे ठेवले, कॅमेरा कोठे होता, नट कसा सरकला, याच्या तपशीलवार नोंदी तो वहीत करीत असे. पुढे या तरुणालाच सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे छायालेखन सोपवले. तोवर त्याने चित्रपटाचा कॅमेरा चालवला नव्हता! १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारावे लागले. खऱ्या अंगणात वरून आकाशाचा मऊ, सावली न पाडणारा उजेड उतरतो, आणि स्टुडिओतले दिवे तर कडक सावल्या पाडतात. मित्र यांनी पांढरे कापड ताणून त्यावर दिवे रोखले आणि कापडावरून परतलेला उजेड अंगणात उतरवला. ही युक्ती आपणही घरी वापरू शकतो. माणसाला भर उन्हातून सावलीत आणावे, किंवा खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरी चादर धरावी. चेहऱ्याची काळी बाजू अलगद उजळते. खर्च काही नाही, उजेड कोठून येतो आणि कोठे परततो हे पाहण्याची सवय तेवढी हवी.

आता रचनेविषयी. चित्रकार कोऱ्या कागदापासून आरंभ करतो आणि एकेक वस्तू त्यात आणतो. छायाचित्रकाराचे याच्या उलट असते. त्याच्यापुढे सारे जग आधीच मांडलेले असते आणि त्याला त्यातले नको ते वगळायचे असते. म्हणून चौकटीतून पाहताना आधी चारही कडांवरून नजर फिरवावी. अर्धवट कापलेला हात, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब, ही विघ्ने तेथेच लपून असतात. ती घालवायला यंत्र लागत नाही, दोन पावले डावीकडे सरकले तरी पुरते. नवशिक्या उभा राहिल्या जागेवरून भिंगाने दृश्य जवळ ओढतो. पण वस्तूंचे परस्परांशी दिसणारे प्रमाण आपण किती अंतरावर उभे आहोत यावर ठरते. चेहऱ्याच्या फार जवळ गेले तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. चार-सहा फूट मागे सरून मग चौकट आवळली, तर चेहरा मूळ रूपाने येतो. मुलांचे चित्र मुलांच्या उंचीवर बसून घ्यावे. उभ्याने घेतले तर मूल नेहमी वरून पाहिलेले, म्हणजे बुटके दिसते.

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून मुख्य वस्तू त्या रेषांच्या छेदाजवळ ठेवावी, हा नियम बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. तृतीयांशाचा हा विचार इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ साली निसर्गचित्रांसंबंधी लिहिताना मांडला होता. नियम उपयोगी आहे, कारण तो वस्तू मधोमध ठोकून देण्याची आपली खोड मोडतो. पण त्याचे कारण समजून घ्यावे. जाणाऱ्या माणसाला पुढे जायला जागा हवी असते, पाहणाऱ्याच्या नजरेला टेकायला दिशा हवी असते. तळ्यातले प्रतिबिंब तेवढेच ठसठशीत असेल, तर क्षितिज खुशाल मध्यावर ठेवावे.

वगळण्याच्या या कलेबरोबर एक जबाबदारीही येते, आणि सॉल्ट लेकमध्ये तिची जाणीव तीव्रतेने होते. पूर्वेकडच्या पाणथळीला २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता मिळाली. तिचे क्षेत्र सुमारे १२,५०० हेक्टर आहे. शहराचे सांडपाणी तेथल्या ‘भेरी’ नावाच्या तळ्यांत उन्हाने आणि सूक्ष्म जीवांनी निवळते आणि त्यावर मासे पोसले जातात. तळ्याच्या काठी उभे राहून कॅमेरा किंचित वर केला तर फक्त उंच इमारती आणि आकाश येते : प्रगतीचे चित्र. किंचित खाली केला तर फक्त पाणी, जाळे आणि होडी : पुरातन खेड्याचे चित्र. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. छिद्र लहान करून, होडी पुढे आणि इमारती मागे, दोन्ही स्पष्ट ठेवल्या, म्हणजे मग एक प्रश्न चित्रात उतरतो. पाणथळ भरूनच हे गाव उभे राहिले. उरलेली किती राहणार, हा तो प्रश्न. येथे छिद्राचा आकडा ही नुसती यंत्राची बाब राहत नाही, काय सांगायचे आणि काय झाकायचे याचा तो निर्णय होतो. जाळे ओढणाऱ्या माणसाचे चित्र घेण्यापूर्वी त्याची संमती विचारणे हेही याच जबाबदारीत येते. त्याचा चेहरा त्याचा आहे, आपल्या संग्रहाचा नव्हे.

म्हणून शिकू इच्छिणाऱ्यांना एक साधा क्रम सुचवतो. नवा कॅमेरा घेण्याआधी महिनाभर एकच जागा निवडावी, मग ती सॉल्ट लेकमधली असो, सोलापुरातली असो की इंदुरातली. तेथे रोज निराळ्या वेळी जावे आणि दहाच चित्रे घ्यावीत. पहिला आठवडा केवळ छिद्र बदलावे, दुसरा केवळ शटर, तिसरा केवळ आपली उभी राहण्याची जागा, आणि चौथ्यात तिन्हींचा मेळ घालावा. फोन वापरणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात छिद्राऐवजी बोटाने रोख आणि उजेड ठरवण्याचा सराव करावा, कारण बहुतेक फोनांत छिद्र बदलत नाही आणि पार्श्वभूमी गणिताने पुसट केलेली असते. दुसऱ्या आठवड्यात शटर बदलू देणारी सोय फोनवर नसेल, तर उभ्या आणि चालत्या वस्तू उन्हात कशा येतात, दिव्याखाली कशा येतात, हे ताडून पाहावे. प्रत्येक चित्राखाली वहीत एक ओळ लिहावी : उजेड कोठून येत होता, आणि मला काय दाखवायचे होते. आकडे चित्राबरोबर कॅमेरा स्वतःच नोंदवून ठेवतो. आपला हेतू मात्र त्याला नोंदवता येत नाही.

महिन्याच्या शेवटी चित्रे सुधारलेली दिसतीलच, पण त्याहून मोठा लाभ निराळा आहे. कॅमेरा हातात नसतानाही दुपारची सावली केवढी आहे, भिंतीवरून परतलेला उजेड कोणाच्या चेहऱ्यावर पडला आहे, हे दिसू लागते. घरातली वडीलधारी माणसे, आळीतली झाडे, गावाबाहेरचे पाणी, यांपैकी काहीही आपल्यासाठी थांबून राहणार नाही. ती आहेत तोवर त्यांच्याकडे नीट पाहण्याची सवय लागावी, यासाठीच प्रकाशाचा हा हिशेब शिकायचा.